हाडात सिरॅमिक भरलंय? मग या चुका टाळा

गोव्यात फोंड्याला मी फिजिओथेरपी करते. मागे माशेलचा एक गडी आला होता. स्कूटर घसरून गुडघ्याखालचं हाड दबलं होतं. सर्जननी दबलेला भाग उचलून खालच्या पोकळीत सिरॅमिकचे दाणे भरले, प्लेट लावली आणि दहा आठवडे पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. सहाव्या आठवड्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी कोण बांधणार? हा चढला स्टुलावर! उचललेला भाग पुन्हा खचला.

"सिरॅमिक म्हणजे फरशीसारखं घट्ट ना हो?" त्याने विचारलं.

सर्वांत मोठी चूक हीच. कृत्रिम खुब्याचा सिरॅमिक गोळा खरोखरच टणक असतो, पण तो वेगळा. पोकळीत भरतात ते बहुतेकदा कॅल्शियम फॉस्फेट, आपल्या हाडातल्या खनिजाचंच भावंड. त्यात मुद्दाम छिद्रं ठेवतात, साधारण १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा दहावा भाग) किंवा त्याहून मोठी, म्हणजे रक्तवाहिन्या आणि हाडाच्या पेशी आत शिरतात. याच छिद्रांमुळे ते ठिसूळही होतं. दाब थोडाफार सोसतं; वाकणं, पिळणं नाही. दोडक्याच्या वेलाला मांडव घालतो ना, तसं समजा. मांडवावर आपण चढत नाही. हाड भरेपर्यंत भार प्लेट आणि स्क्रूवर असतो, आणि त्यांनाही मर्यादा आहे.

वेल सुकला तर मांडव काय करणार? सिगारेट-तंबाखू रक्तपुरवठा आवळतात, वाढलेली साखर हाड भरणं लांबवते. हाडसांधीचा लेप आणि मालीश तर ताज्या जखमेपासून लांबच ठेवा.

एक्स-रे घरीच वाचू नका. पांढरा ठिपका दिसला की काही जण खूश होतात, "हाड भरलं!" तो ठिपका सिरॅमिकचाही असू शकतो. भरायच्या दाण्यांचे प्रकार वेगवेगळे: हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट वर्षानुवर्षं तसंच दिसतं, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट काही महिन्यांपासून दोनेक वर्षांत विरघळतं, कॅल्शियम सल्फेट दीड-तीन महिन्यांतच. म्हणून नेमकं काय भरलंय ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरला त्याचाच उपयोग होतो. कॅल्शियम सल्फेट विरघळताना जखमेतून पाणचट स्राव येऊ शकतो. तो पू नव्हे, पण ते ठरवणारे आपण नव्हे. ताप, लाली, वाढती वेदना असेल तर त्याच दिवशी दाखवा. आत जंतुसंसर्ग मुरला असेल तर मेलेलं हाड काढल्याशिवाय नुसते दाणे भरून काही साधत नाही.

जनावरांत नियम हेच, फक्त रुग्ण ऐकत नाही. लहान जातीचा कुत्रा सोफ्यावरून उडी मारतो आणि पुढचा पाय मनगटाजवळ मोडतो. तिथे रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा. तीन पायांवर बागडतोय म्हणून त्याला मोकळा सोडू नका. पशुवैद्य सांगतील तितके आठवडे पिंजरा, जखम चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर, शू-शीला पट्ट्यावरच. गायीचं अवघड. उठताना तिचा सगळा भार पायांवर, तिला "टेकू नको" कोण सांगणार? मोठ्या जनावराबद्दल पशुवैद्य आधीच स्पष्ट बोलले तर रागावू नका.

आणि घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर दगावतं, आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. हाड राहिलं बाजूला.