लिनक्स सर्व्हरवर हायपरवायझर टाकताय? या चुका टाळा

सर्व्हर हातात आला की बहुतेक जण "कुठला हायपरवायझर बेस्ट" यावरच अडकतात (हायपरवायझर म्हणजे एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर). पण खरा त्रास नंतर सुरू होतो, व्हीएम बनते पण तिला नेटवर्क नाही, किंवा चालते पण इतकी स्लो की लॉगिनलाच वैताग येतो, किंवा काही महिने नीट चालून एक दिवस आपोआप पॉझ होते. अशा वेळी लोक हायपरवायझर बदलायला निघतात आणि नवीन टाकल्यावर तोच प्रॉब्लेम परत, कारण गडबड होस्टमध्ये, म्हणजे व्हीएम जिच्यावर चालतात त्या मूळ मशीनमध्ये असते, बायोस (बोर्डाच्या मूळ सेटिंग), ब्रिज (व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच), डिस्क यांच्यात. म्हणून आधी होस्ट बघा, मग बाकीचं.

तरी निवडीबद्दल थोडं बोलूच. केव्हीएम हा हायपरवायझर २००७ पासून, म्हणजे २.६.२० आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्येच (सिस्टमच्या गाभ्यात) आहे, त्यामुळे उबुंटू, डेबियन, रॉकी, अल्मा काहीही असो, हायपरवायझर तुमच्याकडे आधीच आहे, तुम्ही वरून टाकता ते क्यूईएमयू (व्हीएमचं हार्डवेअर उभं करणारं) आणि लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं). प्रॉक्समॉक्स पण आतून केव्हीएमच आहे, डेबियनवर वेब पॅनल, कंटेनर, बॅकअप, क्लस्टर हे सगळं एकत्र बांधून दिलेलं. त्यामुळे "केव्हीएम की प्रॉक्समॉक्स" हा वाद घालूच नका, स्वतःला एवढंच विचारा की ही मशीन फक्त व्हीएमसाठी आहे का. असेल तर सरळ प्रॉक्समॉक्स टाका. मशीनवर आधीच काहीतरी चालू असेल किंवा डिस्ट्रो बदलायची मुभा नसेल तर डिस्ट्रोचंच लिबव्हर्ट आणि वेबवरून बघायला कॉकपिट, पुरतं. झेन हा आणखी एक हायपरवायझर चांगला आहे पण रेड हॅटने त्यांच्या आरएचईएल ६ या लिनक्सपासूनच झेन होस्ट देणं बंद केलं, तेव्हा ठोस कारण असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

सर्व्हरवर व्हर्च्युअलबॉक्स हा हायपरवायझर मात्र माझ्या मते टाळाच. त्याचं कर्नल मॉड्यूल बाहेरचं असतं, कर्नल अपडेट झाला की परत बिल्ड व्हावं लागतं, सिक्युअर बूट (फक्त साइन केलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर साइन करावं लागतं, आणि शेजारी केव्हीएम चालू असेल तर व्हीटी-एक्स (इंटेल सीपीयूची व्हर्च्युअलायझेशनची सोय) दुसऱ्या कोणीतरी घेतलंय असा एरर येऊन गाडी थांबते. कर्नल ६.१२ पासून तर केव्हीएमचं मॉड्यूल नुसतं लोड झालं तरी व्हर्च्युअलायझेशन ताब्यात घेतं, एकही व्हीएम चालू नसली तरी, त्यामुळे काल चालणारी गोष्ट अपडेटनंतर आज चालत नाही.

व्हीएम चालते पण भयंकर स्लो

हे दिसलं की आधी बायोस. इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम मोड, बऱ्याच बोर्डांवर हे बंदच येतं. आणि फसवणूक अशी की सगळं इन्स्टॉल होतं, काही टूल्स तर एरर पण देत नाहीत, क्यूईएमयू गुपचूप सॉफ्टवेअर एम्युलेशनवर जातं आणि प्रत्येक इन्स्ट्रक्शन भाषांतर करत बसतं. तपासायला डेव्ह डिरेक्टरीत केव्हीएम नावाची फाईल आहे का बघा, नसेल तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) "डिसेबल्ड बाय बायोस" शोधा. नुसत्या सीपीयू फ्लॅगवर विसंबू नका, जुन्या कर्नलवर बायोसमध्ये बंद असलं तरी फ्लॅग दिसायचा. सगळ्यात सोपं म्हणजे लिबव्हर्टसोबत येणारी व्हर्ट-होस्ट-व्हॅलिडेट ही कमांड, एका फटक्यात पास-फेल सांगते. त्यात आयओएमएमयूची वॉर्निंग आली आणि पीसीआय पासथ्रू (एखादं कार्ड थेट व्हीएमला देणं) करायचं नसेल तर घाबरू नका.

भाड्याच्या व्हीपीएसवर (तीही एक व्हीएमच) केव्हीएम टाकणार असाल तर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (व्हीएमच्या आत व्हीएम) मिळतं का हे आधी विचारा. ते नसेल तर आतून काहीही केलं तरी हा प्रॉब्लेम सुटणार नाही.

व्हीएम गायबच झाली

गायब नाही झाली. लिबव्हर्टची दोन वेगळी कनेक्शन असतात, सिस्टम (पूर्ण मशीनचं) आणि सेशन (त्या युजरपुरतं). साध्या युजरने व्हर्श (लिबव्हर्टची कमांड) चालवलं की बऱ्याच डिस्ट्रोंवर ते सेशनला जोडतं आणि यादी रिकामी दिसते, सुडोने चालवलं की सिस्टमला जोडतं आणि सगळं दिसतं. युजरला लिबव्हर्ट ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करून परत लॉगिन करा (हे विसरतातच), आणि कनेक्शन सिस्टमचं आहे हे स्पष्ट सांगा. घाईत तीच व्हीएम दुसऱ्यांदा बनवू नका, एकाच डिस्क फाईलवर दोन व्हीएम लिहायला लागल्या तर डेटा जातो.

नेटवर्क

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. लिबव्हर्टचं डिफॉल्ट नेटवर्क नॅट असतं, १९२.१६८.१२२ वालं, म्हणजे व्हीएममधून बाहेर जाता येतं पण बाहेरून व्हीएममध्ये येता येत नाही. लोक फायरवॉल उघडत बसतात, पण ती अडचणच नसते, तुम्हाला ब्रिज पाहिजे असतो. ब्रिज करताना होणारी चूक ठरलेली: आयपी फिजिकल कार्डावर तसाच ठेवून कार्ड ब्रिजमध्ये टाकतात. आयपी ब्रिजला द्यायचा, कार्डाला काही नाही. आणि हे एसएसएचवरून करताय तर रिमोट कन्सोल हाताशी ठेवा. उबुंटूवर नेटप्लॅनचा ट्राय पर्याय वापरा, तुम्ही कन्फर्म केलं नाही तर १२० सेकंदांनी जुनी सेटिंग परत येते, त्याने रात्रीची धावपळ वाचते.

वायफाय कार्डावर असा ब्रिज साधारणपणे चालत नाही, त्यात वेळ घालवू नका. डेटासेंटरमध्ये भाड्याचा सर्व्हर असेल तर अजून एक गोष्ट, तिकडे बरेचदा एका पोर्टवर एकच मॅक (नेटवर्क कार्डाची ओळख असलेला) अ‍ॅड्रेस चालतो, तुमच्या व्हीएमचे पॅकेट स्विचच फेकून देतो, आणि तुम्ही होस्टवर कितीही शोधलं तरी कारण सापडत नाही. तिथे राउटेड सेटअप करा किंवा प्रोव्हायडरकडून वेगळा मॅक मागून घ्या.

आणि डॉकर! ब्रिज नीट चालू होता, होस्टवर डॉकर (कंटेनर चालवणारं टूल) टाकलं आणि सगळ्या व्हीएमचं नेट गेलं, ही तक्रार फार कॉमन आहे. डॉकर आयपीटेबल्सच्या (लिनक्स फायरवॉलच्या) फॉरवर्ड चेनची पॉलिसी 'ड्रॉप', म्हणजे पॅकेट फेकून द्यायची करतो, आणि ब्रिज नेटफिल्टर चालू असलं की ब्रिजवरचं ट्रॅफिक पण त्याच चाळणीतून जातं. डॉकर-युजर चेनमध्ये ब्रिजसाठी परवानगीचा नियम टाकून सुटतं, पण माझं स्पष्ट मत आहे की डॉकर एका व्हीएममध्ये चालवा, होस्टवर टाकूच नका.

डिस्क

लिबव्हर्ट इमेज (व्हीएमच्या डिस्क फाईली) ठेवतं व्हार डिरेक्टरीखाली, आणि बरेच जण इन्स्टॉल करताना सगळं एकाच रूट पार्टिशनमध्ये घालतात. क्यूकाऊ२ प्रकारची इमेज फाईल सुरुवातीला छोटी दिसते, मग वाढत वाढत जाते, चार व्हीएमना मिळून डिस्कपेक्षा जास्त जागा कबूल केलेली असते आणि एक दिवस रूट भरतं. मग व्हीएम पॉझ होते, होस्टला लॉग पण लिहिता येत नाही, आणि रिझ्यूम केलं की परत पॉझ. आधी जागा मोकळी करा मग रिझ्यूम करा, जबरदस्तीने बंद करायची घाई नको. इन्स्टॉलच्या वेळीच इमेजसाठी वेगळं पार्टिशन किंवा एलव्हीएम (डिस्कचे लवचिक भाग पाडणारी लिनक्सची सोय) ठेवा.

इमेज होम फोल्डरमध्ये ठेवली तर "परमिशन डिनाइड" येतं, कारण क्यूईएमयू वेगळ्या युजरने चालतं आणि वर सुरक्षेचे नियम लावणारं एसईलिनक्स किंवा अ‍ॅपआर्मर बसलेलं असतं. एसईलिनक्स बंद करू नका, इमेज ठरलेल्या जागी हलवा किंवा नवीन जागेला योग्य लेबल द्या. विंडोज इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही म्हणून घाबरतात, ती व्हर्टआयओ (खास व्हीएमसाठी बनवलेली) डिस्क असते आणि विंडोजकडे तिचा ड्रायव्हर नसतो, व्हर्टआयओची आयएसओ दुसऱ्या सीडीत जोडा आणि ड्रायव्हर लोड करा.

रॅम सगळी वाटून टाकू नका. होस्टची मेमरी संपली की कर्नलचा ओओएम किलर सगळ्यात मोठा प्रोसेस मारायला बघतो, आणि तो बहुतेक तुमची सगळ्यात महत्त्वाची व्हीएमच असते. झेडएफएस फाईल सिस्टम वापरत असाल तर त्याच्या कॅशला मर्यादा घाला.

व्हर्शमधलं डिस्ट्रॉय व्हीएम डिलीट करत नाही, वीज काढल्यासारखं बंद करतं, त्यामुळे डेटाबेस चालू असेल तर आधी शटडाउनच वापरा. होस्ट रीबूट झाल्यावर व्हीएम उठत नसेल तर ऑटोस्टार्ट लावायचं राहिलंय, नेटवर्कला पण वेगळं लावावं लागतं.

स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची नोंद) त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला, म्हणून बॅकअप दुसऱ्या मशीनवर घ्या. आणि तो रिस्टोर करून बघताना नवीन नाव द्या आणि नेटवर्क काढून मगच चालू करा, नाहीतर त्याच आयपीची दुसरी मशीन उभी राहते आणि चालू असलेली सर्व्हिस पण अडखळायला लागते.