कंडक्टरचा अंगठा आणि थंडीतली सर्दी

एसटीत वाहक म्हणून मला एकोणीस वर्षं झाली. त्यातली पहिली काही वर्षं संक्रांतीच्या तिळगुळाआधी माझ्याकडे सर्दी हजर असायची. वाई-महाबळेश्वर फेरी. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेककडे पहाटे दवाचे हिमकण होतात, अशी थंडी. सगळे म्हणायचे, "ताई, घाटातलं वारं बाधतंय तुम्हाला." मलाही ते पटायचं. कानाला स्कार्फ, अंगात दोन स्वेटर, आणि तरी नाक गळतंच.

तेव्हा कागदी तिकिटं होती. ट्रेमधून तिकीट फाडायचं, पंच मारायचा, नोटा मोजायच्या, आणि दर वेळी अंगठा जिभेला लावायचा. पुढच्या सीटवरचे काका नाक पुसून त्याच हाताने दहाची नोट द्यायचे, मी ती घेऊन अंगठा ओला करून मागच्याला सुट्टे द्यायचे. शेवटी बाजाराला निघालेल्या एका मावशीनं तोंडावर सांगितलं, "बाई, माझी नोट मासळीच्या टोपलीतनं आलीया, चाटू नको." गाडीभर हसले. मी मात्र त्या दिवशी अंगठ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

तुम्ही कंडक्टर नसाल, पण दिवसाकाठी किती वेळा बोट तोंडाला, नाकाला, डोळ्याला लागतं, ते एक दिवस मोजा. पेपरचं पान उलटताना, पिशवीचं तोंड उघडताना, डोळे चोळताना. सर्दी-फ्लूचे विषाणू शिंका-खोकल्याच्या तुषारांतून येतात तसे या हातांवरूनही आत जातात. सवय मोडायला मला दोन महिने लागले. बँकेत असतो तसला ओला स्पंज आणला, तो पसरणी घाटाच्या दुसऱ्याच वळणावर कॅश बॅगेत सांडला. मग अंगठ्यात घालायची रबरी टोपी घेतली, ती अजून आहे. आता मशीन आलं, क्यूआर कोड आला, पण नोटा काही संपल्या नाहीत.

दुसरं म्हणजे साबण. वडीचा एक तुकडा कापून छोट्या डबीत ठेवते, प्रत्येक फेरीनंतर स्टँडच्या नळावर हात धुते. वीस सेकंद धुवा म्हणतात, पण घड्याळ कोण बघतंय? मी थांबे म्हणते. पसरणी, दांडेघर, पाचगणी, भोसे, गुरेघर, अवकाळी, लिंगमळा, वेण्णा लेक, महाबळेश्वर. सावकाश, जाताना एकदा आणि येताना उलट एकदा. तुमच्या गावच्या रस्त्याचे थांबे घ्या. अंगठा आणि नखांच्या कडा हटकून राहतात, तिथं जास्त चोळा. फ्लूच्या विषाणूला चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो. साध्या सर्दीच्या बऱ्याच विषाणूंना असं आवरणच नसतं. ते चोळून पाण्याबरोबर वाहूनच जावे लागतात, म्हणून सॅनिटायझरची बाटली जवळ असली तरी नळ दिसला की मी नळावर जाते.

आता खिडकी. यावरून माझी रोज भांडणं. थंडीत गाडी स्टँडवरून हलली की पटापट काचा बंद, आत पन्नास माणसांचा श्वास आणि त्यात चार खोकणारे. थंड हवेनं नाक चुरचुरतं हे खरं, पण सर्दी होते ती विषाणूमुळे, आणि बंद डब्यात तो मोकाट फिरतो. मी पुढची डावीकडची आणि मागची उजवीकडची, अशा दोनच काचा चार-चार बोटं सरकवते. हवा तिरकी जाते, थेट कुणाच्या कानावर येत नाही. "आजी, तुम्ही मफलर घ्या, काच राहू द्या," एवढं म्हटलं की बहुतेक ऐकतात. घरीही हेच करा, विशेषतः कुणी आजारी असेल त्या खोलीत. माझ्या सासूबाई अजून काच लावून घेतात, मी स्वयंपाकघरातून जाऊन पुन्हा उघडते.

खाण्यापिण्याचं विचाराल तर आमच्याकडे थंडीत हुलग्यांचं माडगं. हुलगे म्हणजे कुळीथ. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, गार करून दळून ठेवायचे. दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात आणि मुलं तोंड वाकडं करतात. मग दोन कप उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहा. गूळ, चिमूटभर मीठ, सुंठ. पळीवरून सलग धार पडायला लागली की उतरवा आणि गरम असतानाच प्या. यानं विषाणू मरत नाही. पण घसा शेकतो, तोंडाला चव नसतानाही पोटात काही जातं, पाणी जातं. हळदीच्या दुधाचंही तसंच. काढ्याबाबत जपून. कोरोनात मी मिरी-दालचिनीचा काढा दिवसातून चारदा प्यायले आणि आठवडाभर पोटातल्या आगीनं झोपले नाही. पेरू, आवळे हंगामात खावेतच, पण 'सी' जीवनसत्त्वानं सर्दी रोखली जाते असं मानून चालू नका.

रात्रीच्या खोकल्याला चमचाभर मध बरा. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध चाटवूसुद्धा नका. आणि मुलांना पातेल्यावर चादर घेऊन वाफेला बसवू नका, भाजण्याचं भय मोठं.

झोपेची गोष्ट मला उशिरा कळली. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १६४ धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घालून पाहिलं. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. माझी पहिली गाडी पहाटेची. त्यामुळे साडेनऊला टीव्ही बंद, मालिकेत काय झालं ते डेपोत कळतं.

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा पुण्याच्या गाडीत सगळे रुमाल बांधून बसलेले मी पाहिलेत. भीती गेली की रुमालही गेला. खोकला असेल तर आजही मास्क लावा, मास्क नसेल तर कोपरात खोका, तळहातात नको. फ्लूची लस मी दरवर्षी टोचून घेते. साठीपुढची माणसं, गरोदर बायका, मधुमेह-दम्याचे रुग्ण यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं.

धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर दिसले, मूल पाणी पिईना किंवा लघवी कमी झाली, तर माडगं बाजूला ठेवून तडक दवाखाना. ताप तीन दिवसांवर गेला, किंवा उतरून पुन्हा चढला, तरीही दाखवाच. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनानं घेऊ नका, विषाणूवर त्या चालत नाहीत. मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन कधीच नाही.

ताप असेल तर घरी राहा. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसला की मग बाहेर पडा. एका जानेवारीत मी रजा वाचवायला तापातच ड्युटी केली, आणि आमच्या ड्रायव्हर भाऊंना डब्यातलं माडगं दिलं, माझ्याच पेल्यात. चार दिवसांत ते आडवे, मागोमाग त्यांची धाकटी. अजूनही मी डबा उघडला की ते म्हणतात, "ताई, माझा पेला घेऊन येतो."