‘सजेस्ट’ वापरताना गडबड कुठे होते?

‘साहेबांनी मला माती तपासायला सुचवलं’ याचं आपण थेट ‘सर सजेस्टेड मी टू टेस्ट द सॉइल’ करून टाकतो. लातूरच्या क्लासपासून संभाजीनगरच्या एमआयडीसीतल्या ईमेलपर्यंत हीच चूक. ‘मी टू’ हवंच असेल तर ‘ॲडव्हाइज्ड’ घ्या, ‘सजेस्ट’ला ते चालत नाही.

‘ही सजेस्टेड टेस्टिंग द सॉइल’ बरोबर आहे, पण तपासायची कोणी हे मोघम राहतं. माणूस सांगायचा तर ‘दॅट’ आणा: ‘ही सजेस्टेड दॅट रमेश टेस्ट द सॉइल’. इथे ‘टेस्ट’ला ‘एस’ लागत नाही, वाचायला कितीही अर्धवट वाटलं तरी. खटकलंच तर ‘शुड टेस्ट’ लिहा.

खरी मेख पुढेच. चुनखडीच्या रानात सोयाबीन पिवळं पडलं, तर ‘द यलो लीव्ह्ज सजेस्ट दॅट द क्रॉप लॅक्स आयर्न’. इथे पानं सल्ला देत नाहीत, लोह कमी पडल्याची खूण दाखवतात. म्हणून ‘लॅक्स’चा ‘एस’ जागेवरच राहतो.

वस्तू किंवा ठिकाण सुचवलं तर माणसाआधी ‘टू’: ‘ही सजेस्टेड अ लॅब टू मी’.