मनगट दुखतंय? आधी लॅपटॉपची उंची बघा

मी अनुवादाचं काम करते. रोज सहा-सात तास लॅपटॉपवर टायपिंग असतं. तीन वर्षांपूर्वी रात्री उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली. मध्यरात्री जाग यायची, हात झटकला की मुंग्या जायच्या आणि परत झोप लागायची. दिवसा फारसं काही जाणवत नव्हतं, म्हणून मी दोन महिने तसेच काढले. मग एक दिवस भरलेली बाटली हातातून सुटली आणि मी डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी मनगटाची रचना समजावून सांगितली. तळहाताच्या बुडाशी एक अरुंद बोगदा असतो. त्याच्या खाली आणि दोन्ही बाजूंना हाडं, वर एक चिवट पट्टा. एवढ्याशा जागेतून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि एक नस, म्हणजे मज्जातंतू, जाते. मनगट वर किंवा खाली वाकलं की बोगद्यातला दाब वाढतो आणि नस चेपते. ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्ध्या अनामिकेची. मुंग्या करंगळीत येत असतील तर प्रकरण बहुधा वेगळं असतं, कारण करंगळीची नस कोपराच्या मागून जाते. कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून किंवा तासन्‌तास घट्ट दुमडून बसलं की ती दुखावते. त्यामुळे नेमकं कुठलं बोट बधिर होतंय, हे आधी नीट बघा.

काहींना मनगटापेक्षा कोपराखालचा हात जास्त ठणकतो. डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या जरा खाली धरा आणि टायपिंग करतो तशी उजवी बोटं हलवा. कातडीखाली स्नायू सरकताना जाणवतील. बोटं हलवणारे मोठे स्नायू तिथे आहेत, दोरीने कळसूत्री ओढावी तशी ते लांबून बोटं ओढतात. म्हणून टायपिंगचा शीण तिथे साठतो.

आता करायचं काय? मोबाईल टेबलावर बाजूला उभा करा आणि काम करतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा. पहिली दोन मिनिटं आपण शहाण्यासारखे बसतो, खरं बसणं त्यानंतर दिसतं. माझ्या व्हिडिओत दोन्ही मनगटं लॅपटॉपच्या पुढच्या कडेवर रेललेली होती, पंजे वर उचललेले होते आणि खांदे कानाकडे चढले होते. काम संपल्यावर मनगटावर आडवी लाल रेघ उमटायची ती कशाची, हे तेव्हा कळलं. त्या कडेचा दाब थेट बोगद्याच्या तोंडाशी पडत होता.

लॅपटॉपची मूळ अडचण अशी की पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर जातात, कीबोर्ड हातांच्या उंचीला ठेवला तर मान खाली जाते. घडी घालून फिरवायला हे यंत्र उत्तम आहे, पण दिवसभर त्याच्यावर बसायचं तर दोन्ही वेगळं करावं लागतं. वेगळा कीबोर्ड आणि वेगळा माउस घ्या. एकच गोष्ट करणार असाल तर हीच करा, बाकी सगळं नंतर. माझा लॅपटॉप आज शब्दकोशाच्या दोन जाड खंडांवर उभा आहे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि पडदा हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढ्या अंतरावर.

कीबोर्डची उंची कोपरावरून ठरवायची. खांदे सैल सोडा, दंड अंगाशी असू द्या, कोपर काटकोनात किंवा त्याहून थोडं उघडं ठेवा. बोटं जिथे येतील तिथे कीबोर्ड हवा. बहुतेक टेबलं ७२ ते ७५ सेंटिमीटर उंच असतात, आणि माझ्यासारख्या बुटक्या माणसाला ती उंचच पडतात. टेबल कापता येत नाही, म्हणून खुर्ची वर घ्या किंवा खाली घट्ट उशी ठेवा, आणि पाय लोंबकळायला लागले तर पायांखाली पाट घ्या. खुर्चीचे हात टेबलाला अडत असतील तर ते खाली करा किंवा काढून टाका, नाहीतर तुम्ही टेबलापासून लांब बसाल आणि हात पुढे ताणले जातील.

कीबोर्डच्या मागच्या बाजूला दोन छोटे पाय असतात. ते उघडू नका. मागची बाजू उंच झाली की मनगट वर वाकतं, आणि तेच तर टाळायचंय. कीबोर्डच्या पुढे ठेवायची मऊ पट्टी वापरणार असाल तर टायपिंग थांबल्यावर तिच्यावर तळहाताचा खालचा भाग टेकवा. टाइप करताना हात तरंगता असू द्या.

माउस कीबोर्डला चिकटूनच ठेवा. तो लांब असला की दंड दिवसभर बाहेर पसरून राहतो आणि खांद्यापासून दुखायला लागतं. सेटिंगमध्ये जाऊन पॉइंटरचा वेग वाढवा, म्हणजे हात कमी फिरवावा लागतो. टचपॅडच वापरत असाल तर बटण दाबण्याऐवजी टॅप करा.

शिफ्टबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मराठीत टाइप करणाऱ्यांना ती फार लागते. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कीबोर्ड-मांडणीवर 'आई' लिहायचं तर दोन्ही अक्षरांना शिफ्ट हवी, आणि दोन्ही कळा डाव्या हाताखाली. मी डावी करंगळी डाव्या शिफ्टवर ताणून त्याच हाताच्या बोटाने अक्षर दाबायची, त्यात मनगट बाहेरच्या बाजूला मुरडायचं. दिवसातून किती वेळा, मोजदाद नाही. आता नियम केलाय: अक्षर डाव्या हाताचं असेल तर शिफ्ट उजव्या हाताने, आणि उलट. कंट्रोलच्या कळीचंही तेच. सवय लागायला तीन आठवडे गेले आणि या काळात वेग घटला, पण डाव्या हाताचं दुखणं गेलं. कळा हळू दाबायलाही शिका. शेजारच्या खोलीत टकटक ऐकू जात असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जोर लावताय.

मांडणी कितीही चांगली असली तरी हात एकाच स्थितीत राहून शिणतो. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७१३ साली कारकुनांच्या दुखण्यांची कारणं लिहिली: सतत बसणं, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरचा ताण. तेव्हा हातात टाक होता, एवढाच फरक. मी दर पंचवीस मिनिटांनी गजर लावते आणि एक मिनिट उठते. हात खाली सोडून सैल झटकते, मुठी आवळून बोटं पूर्ण पसरते, खांदे मागे फिरवते. या मिनिटात मोबाईल हातात घेत नाही, नाहीतर त्याच अंगठ्याला पुन्हा काम. ताणाचे व्यायाम करा, पण हलक्या हाताने. दुखेपर्यंत मनगट मागे दाबलं तर नस आणखी चिडते.

रात्री मुंग्या येत असतील तर झोपेत मनगट मुडपून उशीखाली जात नाही ना, हे बघा. मला डॉक्टरांनी मनगट सरळ ठेवणारा पट्टा फक्त रात्री बांधायला सांगितला होता, आणि सहा आठवड्यांत मी सलग झोपायला लागले. दिवसा पट्टा बांधून टायपिंग रेटू नका, त्याने खांद्यावर ताण येतो.

बधिरपणा दिवसाही राहायला लागला, वस्तू हातातून सुटायला लागल्या किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसलेला दिसला, तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. मधुमेह, थायरॉइडची कमतरता किंवा गरोदरपण असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यानेही हीच नस दबते आणि मग नुसत्या कीबोर्डने भागत नाही.