पुढच्या शाफ्टला सेंटर बेअरिंग बसवताना या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की नाशिकजवळ अंबडच्या आमच्या शेडसमोर उंच केलेल्या जीपा उभ्या राहायला लागतात. इगतपुरीच्या चिखलात उतरायचं असतं. इंजिन बदललेलं असतं, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मागे सरकलेलं असतं आणि तिथून पुढच्या अ‍ॅक्सलकडे ताकद नेणारा लांब शाफ्ट सायलेन्सरच्या पाइपाला नाहीतर क्रॉस मेंबरला, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीला घासत असतो. मग त्याचे दोन तुकडे करून मधे सेंटर बेअरिंग टाकायचं ठरतं. उपाय बरोबर आहे, पण बसवणारे बहुतेक जण त्याच त्या चुका करतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक मापाची. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवलेली, अ‍ॅक्सल खाली लोंबकळतोय आणि त्याच अवस्थेत टेप लावून शाफ्ट कापायचा. एक गाडी माझ्याकडे आली तेव्हा चार महिन्यांत तिसरं बेअरिंग गेलं होतं. मालकाचं म्हणणं एकच, माल डुप्लिकेट आहे. मी जुनी तिन्ही बेअरिंगं मागवून घेतली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. तिन्हींचं रबर एकाच बाजूला, ट्रान्सफरच्या दिशेला फाटलेलं होतं. मालात खोट असती तर तिन्ही एकाच दिशेला फाटली नसती. शाफ्ट बेअरिंगला मागे ढकलत होता. गाडी चाकांवर उभी करून पुढच्या तुकड्याचा स्लिप जॉइंट, म्हणजे शाफ्ट लांब-आखूड होऊ देणारा सरकता सांधा मोजला, तर आत जायला जेमतेम ६ मिमी जागा उरली होती. लोंबकळत्या अ‍ॅक्सलवर पुरेशी वाटलेली जागा गाडीच्या वजनानेच संपली होती. खड्ड्यात चाक वर गेलं की स्प्लाइन (त्या सांध्यातला दात्यांचा दांडा) तळाला टेकायची आणि सगळा धक्का रबरावर यायचा. मालक सांगत होता तो 'ठक' आवाज हाच.

सेंटर बेअरिंगचं काम शाफ्टला मधे आधार देण्याचं. पुढे-मागे ढकलणारा जोर घ्यायला ते बनवलेलंच नाही. म्हणून बेअरिंग ते डिफरन्शियल (अ‍ॅक्सलमधला गिअरचा गोळा) या तुकड्यात स्लिप हवाच, आणि त्याला दोन्हीकडे जागा हवी. माझी सवय अशी: स्प्रिंगचा मेन पाटा ठेवून बाकीचे पाटे काढायचे आणि अ‍ॅक्सल जॅकने बंप स्टॉपला, म्हणजे त्याला वर अडवणाऱ्या रबराला टेकवायचा. तिथेही स्लिपमध्ये २५ मिमी मोकळी जागा उरली पाहिजे. मग अ‍ॅक्सल पूर्ण खाली सोडायचा, तेव्हा स्प्लाइनची पकड किमान ५० मिमी राहिली पाहिजे. यात अर्धा दिवस जातो. ज्याला अर्धा दिवस द्यायचा नाही, त्याचं काम मी घेत नाही. त्या गाडीची नळी ३५ मिमीने कमी केली, शाफ्ट पुन्हा बॅलन्स करून घेतला. दोन पावसाळे झाले, बेअरिंग तेच आहे.

दुसरी चूक कोनाची. 'शाफ्ट सरळ दिसतोय ना, झालं' असं म्हणून चालत नाही. कोनात फिरणारा क्रॉस (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला अधिकच्या आकाराचा तुकडा) प्रत्येक फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो. पुढच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असले आणि योक, म्हणजे क्रॉसला धरणारे दुबेळके, एका रेषेत असले, तरच एका क्रॉसची चूक दुसरा भरून काढतो. त्यासाठी मागचा तुकडा आणि डिफरन्शियलचा पिनियन (शाफ्टला जोडलेला त्याचा गिअर) समांतर हवेत. ट्रान्सफरकडच्या क्रॉसला जोडीदार नाही, म्हणून तिथला कोन अगदी कमी, साधारण १ अंश ठेवतो. शून्य मात्र नको. शून्यावर क्रॉसमधल्या सुया फिरत नाहीत, एकाच जागी बसून खळगे पाडतात.

कोन जुळत नाही म्हणून काही जण पुढच्या पाट्याखाली पाचर ठोकतात. कृपा करून हे करू नका. पुढचा अ‍ॅक्सल फिरवला की कॅस्टर (चाक वळतं त्या आसाचा पुढे-मागे झुकाव) बदलतो आणि हायवेवर स्टेअरिंग भटकायला लागतं. आधी बेअरिंगची उंची वर-खाली करून बघा. पिनियन बाजूला असतो, त्यामुळे कोन वरून बघूनही मोजा. बेअरिंगचं ब्रॅकेट वरून आणि बाजूने, दोन्हीकडून शाफ्टला काटकोनात बसलं पाहिजे. बोल्ट आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. रबर आधीच पिळलेलं असेल तर ते फार दिवस टिकत नाही.

ब्रॅकेटसाठी पत्रा वापरू नका. मी ६ मिमी प्लेट घेतो, कोपऱ्यांना त्रिकोणी आधार देतो आणि बोल्टने उघडेल असाच क्रॉस मेंबर करतो.

वेल्डिंगच्या वेळी बेअरिंग गाडीवर ठेवू नका. अर्थिंग लांब लावलेलं असलं की करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात. आवाज महिन्याभराने सुरू होतो आणि तोवर वेल्डिंग कुणाच्या लक्षातही नसतं.

बेअरिंग हातोड्याने ठोकू नका. प्रेसवर, आतल्या रिंगवर जोर देऊन बसवा.

शाफ्ट उघडण्याआधी दोन्ही भागांवर पंचाची खूण करा. स्प्लाइन एक दात चुकली तरी योक रेषेबाहेर जातात.

इंजिन माउंटिंग फाटलं असेल तर आधी ते बदला, नाहीतर गिअरबॉक्सची प्रत्येक हालचाल बेअरिंगवर येते.

चिखलातून आल्यावर जेट पंपाची धार थेट बेअरिंगच्या सीलवर मारू नका. पाणी आत जातं, ग्रीस बाहेर येतं.

आता चाचणीबद्दल, कारण इथेच सगळे फसतात. गाडी टू-व्हील ड्राइव्हवर मुंबई नाक्यापर्यंत नेऊन आणतात आणि सांगतात, काही थरथर नाही. पुढचे हब (चाकाला अ‍ॅक्सलशी जोडणारे-सोडवणारे) मोकळे असतील तर शाफ्ट फिरलेलाच नसतो! हब लॉक करा, ट्रान्सफर टू-व्हीलमध्येच ठेवा आणि सरळ रस्त्यावर हळूहळू वेग वाढवा. आता चाकं शाफ्ट फिरवतात. चाकाचा घेर २.२ मीटर आणि अ‍ॅक्सलचा रेशो ४.१ (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.१ फेऱ्या) धरला, तर ताशी ८० किमीला शाफ्ट मिनिटाला सुमारे २,४८५ फेऱ्या घेतो. कोन चुकला असेल तर सेकंदाला ८० हून जास्त झटके पायाखालच्या पत्र्यात जाणवतात. त्यानंतर फोर-व्हील लावून मातीच्या रस्त्यावर जोर देऊन बघा, कोरड्या डांबरावर नको. परत आल्यावर बेअरिंगला हात लावा. हात ठेवता येत नसेल इतकं तापलं असेल, तर त्याच दिवशी खोला.