दाण्यांचा डबा भरताना: बीपी आणि लिव्हर दोन्ही सांभाळायचं असेल तर

बीपीची गोळी सुरू झाली त्याच वर्षी माझ्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. डॉक्टरांनी फरसाण, पापड, लोणचं बंद केलं आणि चार वाजता भूक लागली तर मूठभर शेंगदाणे खा म्हणाले, बिनमिठाचे. मूठभर म्हणजे साधारण 30 ग्रॅम, 170 कॅलरीच्या आसपास. सल्ला चांगलाच होता. पण रोजची मूठ, वर कोशिंबिरीत कूट, भाजीत कूट, एकादशीला खिचडी, असं करता करता आमच्या दोघांच्या घरात महिन्याला तीन किलो दाणे संपायला लागले. इतके खायचे तर ते कसे आहेत हे बघायला नको?

दाण्यांवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. लिव्हरच्या कॅन्सरचं हे सिद्ध झालेलं कारण आहे. हीच बुरशी मक्यावरही वाढते. चीनमधल्या चीतोंग भागात लोक मक्यावरून तांदळावर आले, या विषाचं प्रमाण घटलं आणि पुढच्या काही दशकांत तिथला लिव्हरचा कॅन्सरही कमी झाला. हे वाचून दाणे सोडू नका. लिव्हरच्या कॅन्सरची मोठी कारणं म्हणजे हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, दारू आणि लठ्ठपणा-मधुमेहाबरोबर येणारं फॅटी लिव्हर. अफ्लाटॉक्सिन त्यांच्या जोडीला बसतं. विशेषतः हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला त्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणून दाण्यांना हात लावण्याआधी आयुष्यात एकदा तरी हिपॅटायटिस बी आणि सीची रक्ततपासणी करून घ्या. आणि रोज संध्याकाळी ग्लास भरणाऱ्याने दाणे निवडत बसू नये, आधी ग्लास खाली ठेवावा.

खरेदी

शेंगांतून काढलेले, सालासकट दाणे घ्या, पण भाजलेले नाहीत आणि खारे तर नाहीतच. भाजलेल्यात डाग दिसत नाहीत, खाऱ्यात मीठ आणि डाग दोन्ही लपतात. फुटके, अर्धे दाणे स्वस्त मिळतात, ते घेऊ नका. साल फाटली की बुरशीला दार उघडं मिळतं. पावसाने शेवटी दगा दिला, शेंगा भरताना जमीन तापली, तर बुरशी शेतातच लागते. त्यामुळे दुष्काळी सालात दुप्पट बारकाईने बघा. शेंगा घेत असाल तर कानाशी हलवा. खुळखुळल्या पाहिजेत.

पावसाळ्यासाठी दहा-दहा किलो भरून ठेवायचा हट्ट सोडा. आम्ही आता महिन्यापुरते आणतो.

ऊन

आणल्या दिवशी पसरून दोन कडक उन्हं दाखवा. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे.

निवडणं

इथे मी तीन वर्षं चुकत होतो.

पहिली चूक श्रावणातली. प्लॅस्टिकच्या कोठीत भरलेले दाणे उघडले तर कुबट वास. शेजारच्या काकूंनी सांगितलं, धुऊन वाळव आणि चांगले खरपूस भाज, भाजलं की सगळं मरतं. मी तसंच केलं आणि त्याची खिचडी घरभर वाढली. काकूंचं अर्धंच खरं होतं. भाजल्यावर बुरशी मरते, तिने तयार केलेलं विष मागे राहतं. ते थोडं कमी होतं, जात नाही. शिजवून जात नाही, धुऊन जात नाही, कुकरच्या चार शिट्ट्यांनीही जात नाही. हा सल्ला अजून प्रत्येक वाड्यात, प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरतोय आणि तो ऐकला की माझं बीपी वाढतं. पूर्ण डब्याला कुबट वास आला असेल तर निवडायचंही नाही. सगळे टाकायचे. महाग पडतात, मला माहीत आहे.

दुसरी चूक: मी भाजून मग निवडायचो. सालं निघतात, काम सोपं होतं असं वाटायचं. पण खरपूस भाजलेल्या दाण्यावर करपल्याचा डाग कुठला आणि बुरशीचा कुठला हे कोणालाच सांगता येत नाही. मी दोन्ही ठेवत होतो.

तिसरी चूक सुपाची. आई पाखडायची म्हणून मीही पाखडून समाधान मानायचो. पाखडल्याने फोलपटं आणि अगदी हलके दाणे जातात. सडका पण भरीव दाणा सुपातच राहतो.

निवडण्याला अर्थ का आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे कंटाळा येणार नाही. हे विष पोत्यात सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. शेकडो दाणे स्वच्छ असतात आणि दोन-चार दाण्यांत जवळजवळ सगळं भरलेलं असतं. ते दोन-चार पकडायचे, बस्स.

आता मी दोनदा निवडतो. पहिल्यांदा कच्चे. सकाळच्या उजेडात, खिडकीशी, पांढऱ्या परातीत एका वेळी दोन मुठींपेक्षा जास्त नाही. ट्यूबलाइटखाली हे काम करू नका. चिमलेले, सुरकुतलेले, फार बारीक, साल काळपट पडलेले, कीड लागलेले, मोड आलेले, हिरवट-राखाडी पूड चिकटलेले सगळे बाहेर. शंका आली की बाहेर. ‘चांगलाच दिसतोय की’ म्हणून परत आत टाकायचा मोह होतो, त्याला बळी पडू नका. पूड उडत असेल तर नाकाला रुमाल बांधा.

मग मंद आचेवर हलके भाजा, साल सुटेल इतपतच, रंग बदलू द्यायचा नाही. गार झाले की चोळून सालं काढा आणि दाणे दोन डाळिंब्यांत सुटू द्या. आता दुसरी फेरी. बाहेरून देखणा असलेला दाणा आतून, दोन डाळिंब्यांच्या मधोमध, राखाडी किंवा पिवळट-तपकिरी निघतो. पहिल्यांदा असे सात-आठ सापडले तेव्हा मी कच्चे निवडून झालेल्या किलोभर दाण्यांकडे नुसता बघत बसलो होतो. एका किलोला दोन्ही फेऱ्या मिळून पाऊण तास लागतो. रेडिओ लावून बसा.

चव घेऊन निवडू नका. खाताना कडू दाणा लागला तर गिळायचा नाही, थुंकून चूळ भरायची आणि ती वाटी पुन्हा तपासायची. हेही लक्षात ठेवा की प्रत्येक विषारी दाणा कडू लागतोच असं नाही, आणि दिसायला स्वच्छ दाण्यातही थोडं विष असू शकतं. निवडल्याने ते बरंच कमी होतं, शून्य होत नाही.

साठवण

काचेची बरणी किंवा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. जून ते सप्टेंबर फ्रिजमध्ये. फ्रिजमधून काढल्यावर डबा लगेच उघडू नका, आत दव धरतं. खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कडुलिंबाचा ओला पाला डब्यात घालायचा सल्ला देणाऱ्यांना विचारा की पाल्यातली ओल कुठे जाणार. कूट आठवड्यापुरतंच करा. सुकं खोबरं, लाल मिरच्या आणि मक्याचं पीठ यांनाही हेच नियम.

घाण्याचं तेल आणता? घाणीवाल्याला विचारा, कुठले दाणे घालतोस. फुटके-काळे दाणे घाणीत जात असतील तर ‘शुद्ध’ या पाटीला अर्थ नाही.

मीठ

दिवसभराचं सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नाही. वरून मीठ घेऊ नका एवढंच सांगून लोक मोकळे होतात, पण आपल्याकडे बहुतेक मीठ आमटीत, भाजीत, भाकरीच्या पिठात स्वयंपाक करतानाच पडलेलं असतं. ते मोजा. दाण्यांना तिखट, जिरेपूड, लिंबू लावा. आठवडाभराने मिठाची आठवण येत नाही. सैंधव म्हणजे जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, त्याने बीपीला सूट मिळत नाही. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

बीपी घरी मोजताना पाच मिनिटं टेकून शांत बसा, हात छातीच्या पातळीला, दोनदा मोजा, लिहून ठेवा. आणि मूठ म्हणजे मूठच. वजन वाढलं तर फॅटी लिव्हरलाच खतपाणी. दाण्यांची वाटी टीव्हीसमोर नेऊ नका.

बाजूला काढलेले दाणे

गावाकडे हे म्हशीच्या आंबोणात जातात. देऊ नका. जनावराने खाल्लेलं हे विष थोडं बदललेल्या रूपात दुधात उतरतं आणि त्याच घरात चहात परत येतं. कोंबड्यांनाही नाही. हे विष जगाला कळलं तेच मुळी 1960 साली इंग्लंडमध्ये, शेंगदाण्याची बुरशी लागलेली पेंड खाऊन एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले तेव्हा. मी ते कागदात गुंडाळून, पिशवीला गाठ मारून ओल्या कचऱ्यात टाकतो. गाठ नाही मारली तर गल्लीतल्या कोंबड्या पिशवी फाडतात, आणि त्यांची अंडी आम्हीच विकत घेतो.