‘कोलन’ लिहिताना, वाचताना या चुका टाळा

इंग्रजीत ‘कोलन’ म्हणजे दोन टिंबांचं विरामचिन्ह आणि मोठ्या आतड्याचा मुख्य भागही. स्पेलिंग एक, उच्चार एक. पण दोन्ही अर्थांमध्ये नातं शोधत बसू नका, कारण ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द होते. चिन्हाच्या शब्दाचा मूळ अर्थ ‘अवयव’, त्यावरून वाक्याचा एक भाग आणि पुढे त्या भागाची खूण. आतड्याच्या शब्दात पहिला ‘ओ’ ऱ्हस्व होता, एवढाच उच्चारातला फरक.

घाईच्या भाषांतरात ‘कोलन’साठी सरसकट ‘अपूर्णविराम’ (चिन्हाचं मराठी नाव) टाकला जातो. आरोग्याच्या मजकुरात हे फार वाईट, कारण वाचणारा आधीच धास्तावलेला असतो. शेजारचे शब्द पाहा: पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची गाठ), बायोप्सी, स्कोपी दिसलं की विषय आतड्याचा आहे. बोलून टाइप करतानाही जपा. ‘सिग्मॉइड कोलन’ (कोलनचा शेवटचा वळणदार भाग) म्हटल्यावर काही सॉफ्टवेअर दुसऱ्या शब्दाऐवजी थेट चिन्हच उमटवतात. असा रिपोर्ट पुन्हा वाचल्याशिवाय पुढे देऊ नये.

कोलन म्हणजे अख्खं मोठं आतडं, हेही अचूक नाही. आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) जिथे जोडलेलं असतं तो सुरुवातीचा भाग आणि शेवटचा गुदाशय बहुधा वेगळे धरतात. मधला लांब भाग कोलन. पाणी आणि क्षार शोषून घेणं हे त्याचं मोठं काम. ही काटेकोरपणाची हौस नव्हे. गुदाशयाच्या कर्करोगात किरणोपचार अनेकदा देतात, कोलनच्या कर्करोगात क्वचितच. त्यामुळे कागदावर जे नाव असेल तेच मराठीत उतरवा.

चिन्हाच्या बाजूला नावांची अदलाबदल होते. खरं तर अपूर्णविराम म्हणजे कोलन (:), अर्धविराम म्हणजे सेमिकोलन (;).

सगळ्यात जास्त दिसणारी चूक मात्र विसर्गाची. ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘अंतःकरण’ लिहिताना पुष्कळजण विसर्गाऐवजी कोलनची कळ दाबतात. डोळ्यांना फरक कळत नाही, पण संगणकासाठी ती दोन वेगळी अक्षरं आहेत: विसर्गाचा युनिकोड क्रमांक (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक क्रमांक) ०९०३, कोलनचा ००३ए. शब्द ‘दु:ख’ असा टाइप झाला असेल, तर फाइलमध्ये ‘दुःख’ शोधून तो साधारणपणे सापडत नाही. जुनी फाइल दुरुस्त करताना सगळे कोलन एकदम बदलू नका, नाहीतर वेळा आणि याद्यांमधले खरे कोलनही विसर्ग होतील. एकेक शब्द घेऊन बदला.